जाड कार्पेटच्या बुडाशी बसलेली रेती : वाचकांचे प्रश्न

नवरात्र तोंडावर आलं की घरोघरी साफसफाई निघते आणि आपल्याकडे प्रश्नांचा ढीग येतो. यावेळी त्यात जाड कार्पेट आणि त्यावर न चालणारा व्हॅक्यूम क्लीनर, हे एकच गाऱ्हाणं इतक्या जणांनी लिहिलंय की हा पूर्ण महिना मी त्यालाच देतेय. पत्रं लांब होती, थोडी कापली आहेत, राग मानू नका.

प्रश्न (ठाणे) : ताई, मुलाने वाढदिवसाला पाच बाय सातचं शॅगी कार्पेट दिलं, चांगले बोटभर लांब धागे आहेत, दिसायला फार सुंदर. त्याच्यासाठीच म्हणून नवीन व्हॅक्यूम घेतला १६०० वॅटचा, दुकानदार म्हणाला घरगुतीत याच्यावर पॉवर नाही. एक दिवसाआड मारते तरी अनवाणी चाललं की पायाला कचकच लागतेच. मशीन खराब आलंय का, बदलून मागू का?

उत्तर : मशीन बहुतेक ठणठणीत असेल, बदलून आणलंत तरी कचकच तशीच राहील, म्हणून आधी हेलपाटा वाचवा.

काय होतं ते सांगते. वॅट म्हणजे मोटर वीज किती खाते त्याचा आकडा, तळाची धूळ किती उचलणार ते त्यात कुठेच नसतं. मग डब्यावर दुसरा आकडा असतो किलोपास्कलचा, वीस, बावीस असा काहीतरी, तो सक्शनचा. पण तो आकडा पाइपचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात, म्हणजे ज्या क्षणी तो मोजला त्या क्षणी पाइपातून हवा वाहतच नसते. आणि धूळ उचलते ती वाहती हवा. जोर आणि वाहणं दोन्ही एकाच वेळी लागतं, आणि तेही जिथे घाण आहे तिथे, ही खरी गोम आहे.

आता तुमच्या कार्पेटकडे बघा. ज्वारीचं उभं पीक वाऱ्यावर कसं डोलतं, कणसं इकडून तिकडे, पण बुडाशी पडलेला पाचोळा जागचा हलत नाही. अगदी तसंच. नोझल वरून फिरतं, हवा धाग्यांच्या शेंड्यातून सोप्या वाटेने आत जाते, केस, कागदाचे कपटे, शेवेचा चुरा सगळं जातं आणि आपल्याला वाटतं झालं साफ. रेती मात्र जड, ती पहिल्याच दिवशी धाग्यांतून घरंगळत खाली जाऊन बसलेली असते, तिथपर्यंत हवेचा नुसता सुस्कारा पोचतो.

माझ्या घरी हे मला फार उशिरा कळलं. आमच्या हॉलमध्ये करड्या रंगाचं असंच शॅगी होतं, एका रविवारी मी ते आडवं उभं मिळून सहा वेळा व्हॅक्यूम केलं, पिशवी उघडून बघितली तर शेवटच्या दोन वेळांत काहीच आलेलं नव्हतं, म्हणजे साफ झालं असं मी धरून चालले. मग काहीतरी हलवायचं होतं म्हणून कार्पेटची एक कड उचलली आणि उलटी टाकली, आणि सहज पाठीवर तळहाताने थापटलं. सर्र असा आवाज आला, पत्र्यावर पावसाची सर येते ना तसा पण अगदी बारीक. कड परत उचलली तर फरशीवर रेती. रांगोळीपेक्षा किंचित जाड, पिवळट, बोटाने रेघ ओढता येईल इतकी. मी खाली बसून अख्खं कार्पेट असं पट्ट्यापट्ट्याने थापटलं आणि सुपलीत मूठभर रेती निघाली, त्याच कार्पेटमधून जे मी अर्ध्या तासापूर्वी सहा वेळा साफ केलं होतं. तेव्हापासून मी वरून मारलेल्या व्हॅक्यूमवर विश्वास ठेवत नाही.

मग तळातली रेती काढायची कशी, तर ती आधी हलवायला लागते, हवेचं काम त्यानंतर. आपल्या आज्या सतरंजी दोरीवर टाकून काठीने झोडपायच्या त्याचं कारण हेच. आणि व्हॅक्यूम बनवणाऱ्यांनाही हे पहिल्यापासून माहीत होतं. लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथने १९०१ मध्ये काढलेलं मशीन घोडागाडीवर असायचं आणि नुसत्या ओढीवर चालायचं, पण १९०८ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या जेम्स मरे स्पँगलरने पेटंट घेतलं त्या हाताने ढकलायच्या मशीनमध्ये पंख्याबरोबर फिरता ब्रश होता. हा माणूस दुकानात साफसफाईचं काम करायचा, दम्याचा त्रास होता, झाडताना उडणाऱ्या धुळीने हैराण व्हायचा म्हणून त्याने ते जोडून बनवलं. ते पेटंट पुढे हूवर कंपनीकडे गेलं, आणि त्यांनी १९२६ च्या सुमाराला ब्रशच्या रोलरवर धातूच्या पट्ट्याही बसवल्या, कार्पेटला ठोके बसावेत म्हणून. म्हणजे झोडपणं मशीनच्या आत आणलं.

तुम्ही म्हणाल मग फिरत्या ब्रशचं मशीन घेते. थांबा. तुमचे धागे बोटभर आहेत. इतके लांब धागे त्या रोलरला गुंडाळले जातात, मशीन गुरगुरतं, पट्टा जळल्याचा वास येतो, आणि ओढून काढायला गेलात तर धाग्यांचा झुपका मुळापासून येतो. पाऊण इंचापर्यंतची लव असेल आणि ती एकसारखी कापलेली असेल तर रोलर छान काम करतो, त्याच्यावर गेलं की तो शत्रू. अडकलंच कधी तर बटण बंद, प्लग काढायचा, आणि रोलर हाताने उलटा फिरवत धागा सोडवायचा, मशीन ओढायचं नाही.

तेव्हा तुमच्यासाठी उपाय एकच, आणि तो फुकटचा आहे. महिन्यातून एकदा कार्पेट उलटं टाका, पाठीवरून थापटा, किंवा तुमचा व्हॅक्यूम पाठीवरूनच सावकाश फिरवा, पाठ सपाट असते त्यामुळे नोझल मस्त चालतं आणि त्याच्या घरघरीनेच रेती खाली झडते. मग कार्पेट बाजूला घेऊन फरशीवरची रेती गोळा करा. एरवी आठवड्याला वरून मारताना मोठं सपाट नोझल बाजूला ठेवा, सोफ्यासाठी दिलेलं छोटं बिनब्रशचं तोंड लावा, ते धाग्यांच्या मध्ये घुसतं, हाताने धागे विंचरल्यासारखे बाजूला करत जायचं. वेळ लागतो, पाच बाय सातला मला पंचवीस मिनिटं लागायची. आणि गच्ची असेल तर आपल्याकडच्या बऱ्याच मशीनला ब्लोअरचं तोंड असतं ते वापरा, कार्पेट कठड्यावर टाकून पाठीकडून हवा मारायची, तोंडाला फडका बांधून. फ्लॅटच्या आत हा प्रयोग अजिबात करू नका, सगळा धुरळा पडद्यांवर जाऊन बसतो.

एक मात्र नक्की सांगते, कचकच लागत असेल तर दुर्लक्ष करू नका. प्रत्येक पावलाला ती रेती धाग्याच्या बुडाशी घासते, धागे तिथे कापले जातात आणि दोन वर्षांत चालायच्या वाटेवर कार्पेट बसल्यासारखं दिसायला लागतं. मुलाने हौसेने दिलंय, ते टिकायला हवं.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो, सगळीकडे वॉल टू वॉल कार्पेट आहे, नवीनच टाकलेलं, खूप मऊ आणि जाड. चांगला महागातला उभा व्हॅक्यूम आणला तर तो पुढे सरकतच नाही, कार्पेटला चिकटून बसतो. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात, मी कामावर गेले की त्यांना वाटतं आपण घर आवरावं आणि त्या ते ओढत बसतात, परवा खांदा धरला. शिवाय मागच्या दिवाळीत दाराशी रांगोळीचा डबा कार्पेटवर लवंडला, अजून रंग दिसतोय. काय करू?

उत्तर : पहिलं सासूबाईंचं. त्यांना आजपासून ते मशीन ओढू देऊ नका, निदान पुढे सांगितलेली सेटिंग करेपर्यंत तरी. खांद्याचं दुखणं या वयात महिनोन्महिने जात नाही.

हल्लीची ती अतिमऊ कार्पेटं असतात ना, त्यांचे धागे फार बारीक आणि दाट असतात. सपाट नोझल त्यावर टेकलं की बरणीला झाकण बसावं तसं घट्ट बसतं, बाजूने हवा यायला फटच राहत नाही. हवा येत नाही म्हणजे वाहत नाही, वाहत नाही म्हणजे घाण उचलत नाही, आणि वर मशीन जागेवर रुतलेलं. जितकं महाग तितकी ओढ जास्त, म्हणून महागातलं मशीन अशा ठिकाणी कधीकधी जास्त छळतं.

तुमच्या मशीनला ब्रशची उंची कमीजास्त करायचा खटका आहे का बघा, पुढच्या तोंडावर किंवा मागे पायाशी असतो. तो सगळ्यात उंचावर न्या, मशीन चालू करा, मग एकेक खाच खाली आणा. ज्या खाचेला मशीन स्वतःहून जरा पुढे ओढ घ्यायला लागतं तिथे थांबा, तीच तुमच्या कार्पेटची उंची. त्याच्या खाली नेलंत की रोलर दाबला जातो, फिरायचा मंदावतो. खटका नसेल तर तोंडावर किंवा हँडलवर सरकती खिडकी असते, थोडी हवा बाहेरून आत घ्यायची, ती उघडा, किंवा सक्शन कमीच्या बटणावर ठेवा. जाड कार्पेटवर सक्शन कमी करून जास्त साफ होतं हे ऐकायला उलटं वाटेल, पण करून बघा, हवा वाहायला लागते आणि ब्रश मोकळा फिरतो. तुमच्याकडे धागे लांब नाहीत, दाट आहेत, त्यामुळे ठाण्याच्या वाचकांना जे सांगितलं ते तुम्हाला लागू नाही, तुम्हाला फिरता ब्रश हवाच, कारण कार्पेट खिळवलेलं आहे, उलटं करून झटकता येत नाही.

यातलं काहीच मशीनला नसेल आणि परत करायची मुदत शिल्लक असेल तर सरळ परत करा आणि उंची बदलता येणारं घ्या. तिकडे एक बरं आहे, कार्पेटसाठीच्या मशीनची तपासणी ठरलेल्या पद्धतीने होते. नव्वद टक्के बारीक रेती आणि दहा टक्के टाल्कम पावडर असं मिश्रण कार्पेटमध्ये रुळाने दाबून बसवतात आणि मशीनने किती परत उचललं ते वजन करून बघतात, आणि कार्पेटही चार जातींची घेतात, त्यात एक लांब धाग्यांचं शॅग असतं. दुकानात विचारताना वॅट किंवा अँपिअर विचारू नका, कार्पेटमधली दाबलेली घाण किती उचलते त्याचा आकडा विचारा. वाचनात हे मिश्रण आलं तेव्हा मला माझी ती सुपली आठवली, रेतीच तर आहे सगळीकडे.

आणि मारताना हळू. अगदी हळू. मीटरभर जायला चार-पाच सेकंद, आणि मागे ओढताना त्याहून सावकाश, कारण पुढे ढकलताना धागे झोपतात आणि मागे येताना उभे राहतात तेव्हाच आतलं बाहेर येतं. मग तीच खोली आडवी. घाईघाईत दहा वेळा मारण्यापेक्षा सावकाश दोनदा. रोज सगळं घर करायला लागत नाही, दारापासून सोफ्यापर्यंतची चालायची वाट रोज आणि बाकीचं आठवड्याला.

रांगोळीचं जरा नाजूक आहे. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, जड असते आणि रंग तिच्यावर चढवलेला असतो. पाणी लावलं असतंत तर तो रंग धाग्यात उतरला असता, लावलं नसेल तर अजून आशा आहे. फिरता ब्रश त्यावर नेऊ नका, तो आणखी खाली ढकलतो. नुसता पाइप आणि फटीत घालायचं चपटं तोंड घ्या, एका हाताने धागे बाजूला करा, तळाशी तोंड टेकवून बोटभर बोटभर पुढे सरका. तळहाताएवढ्या जागेला दोन-तीन मिनिटं लागली तरी लागू देत. झालं की लगेच फिल्टर काढून झटका किंवा धुवा, अशी भुकटी फिल्टर गच्च भरून टाकते आणि मग आठवडाभर मशीन कमी ओढतंय म्हणून आपण मोटरला दोष देतो. हे कुंकवालाही लागू, हळदीकुंकवाला कार्पेटवर जाडसं बेडशीट टाकत जा.

प्रश्न (लेस्टर) : इकडे दुकानात ९०० वॅटच्या वरचे मिळतच नाहीत, भारतातून येताना २००० वॅटचा आणावा का? जिन्यावरसुद्धा जाड कार्पेट आहे.

उत्तर : नको, सामानाचं वजन पापड-मसाल्यांसाठी राखून ठेवा. युरोपात आधी सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची आणि मग सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची मर्यादा आली, घरगुती वायरवाल्या मशीनसाठी, आणि तुमच्याकडे ब्रिटनमध्ये ती युरोपीय संघ सोडल्यावरही राहिली. त्यामुळे बनवणाऱ्यांना मोटर फुगवून आकडा दाखवायची सोय उरली नाही, नोझल आणि आतली वाट सुधारावी लागली. चांगल्या नोझलचं ८०० वॅटचं मशीन वाईट नोझलच्या २००० वॅटवाल्याला जाड कार्पेटवर मागे टाकतं. एवढंच बघा की तोंडातला ब्रश स्वतःच्या मोटरवर फिरतोय. नुसत्या हवेच्या जोरावर फिरणारे टर्बो ब्रश मिळतात, स्वस्त असतात, पण जाड लवीत रुतले की हवा कमी, हवा कमी की ब्रश बंद, नेमका जिथे लागतो तिथेच. जिन्यासाठी छोटा हातातला, मोटरवाल्या ब्रशचा.

प्रश्न (बाणेर, पुणे) : रोबो व्हॅक्यूम घेतलाय, फरशीवर एक नंबर आहे. पण हॉलमधल्या जाड गडद रगवर तो चढतच नाही, कधी चढला तर मधेच थांबून एरर देतो, आणि एकदा मॉप लावून गेला तर रगची कड ओली. याच्यावर दहा हजार पास्कल लिहिलंय, मग ताकद कमी कशी पडते?

उत्तर : दहा हजार पास्कल म्हणजे दहा किलोपास्कल, साध्या वायरवाल्या मशीनवर वीस-बावीस लिहिलेलं असतं, म्हणजे हे त्याच्या निम्मंच झालं, फक्त लिहायची रीत वेगळी. रोबो फरशीसाठी आणि बुटक्या लवीच्या कार्पेटसाठी फार चांगला, आमच्याकडेही आहे आणि मी तो मनापासून वापरते. पण बहुतेकांची चढण्याची ताकद दोन सेंटीमीटरच्या आसपास संपते, आणि जाड लवीत चाकं रुततात, पोट धाग्यांवर टेकतं. तो गडद रगवर थांबतो ते वेगळ्या कारणाने. जिन्यावरून पडू नये म्हणून त्याच्या पोटाला किरण सोडणारे सेन्सर असतात, किरण खालून परत आले की जमीन आहे असं समजायचं. काळा, गडद रग ते किरण गिळून टाकतो, रोबोला वाटतं पुढे खड्डा आहे. सेन्सरवर टेप लावा असं कोणी सुचवेल, तुमच्या घरात जिना किंवा उंबऱ्याची पायरी असेल तर मुळीच लावू नका.

मॉपवाले रोबो कार्पेट ओळखून फडकं वर उचलतात खरे, पण ते सेंटीमीटरभर वगैरे, आणि तुमची लव त्याच्याहून उंच आहे, म्हणून कड ओली झाली. ॲपमध्ये त्या रगभोवती नो-गो झोन, म्हणजे रोबोने जायचं नाही अशी हद्द, आखून टाका आणि रग हाताने करा. झालरीचे गोंडे असतील तर तेही आत दुमडून ठेवा, नाहीतर गुंता होतो.

प्रश्न (नाशिक) : लग्नात आलेला भदोहीचा लोकरीचा गालिचा आहे, हॅन्ड टफ्टेड असं पावतीवर होतं, आता अकरा वर्षं झाली. व्हॅक्यूममध्ये लोकरीचे पुंजके येतात आणि गालिचा उचलला की खाली पांढरी पावडर दिसते. वाळवी आहे का कसर लागलीय?

उत्तर : पत्रासोबत पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. कसर लागली की लवीत खाल्ल्यासारखे टक्कल पडलेले चट्टे दिसतात आणि जाळीसारखं काहीतरी, ते तुमच्याकडे दिसत नाहीये. मला ते लॅटेक्स वाटतं.

हाताने गाठी मारलेला गालिचा आणि टफ्टेड गालिचा यात फरक असा, की गाठीच्या गालिच्यात प्रत्येक धागा विणीतच अडकवलेला असतो, टफ्टेडमध्ये धागे कापडातून हातातल्या यंत्राने टोचून काढतात आणि ते सुटू नयेत म्हणून मागून रबरासारख्या लॅटेक्सचा थर देतात, त्यावर सुती कापड चिकटवतात. तो थर वर्षानुवर्षांच्या उन्हाळ्यात सुकतो, त्याला भेगा पडतात आणि त्याची पूड व्हायला लागते. उलटा करून एक कोपरा हलकेच दुमडा, कुरकुर असा आवाज आला आणि पांढरं झडलं तर तेच. थर गेला की धाग्याला धरून ठेवणारं काही उरत नाही, म्हणून पुंजके येतायत. नवीन लोकरी गालिचा पहिले काही महिने असे पुंजके सोडतोच, त्याला घाबरायचं नाही, पण अकराव्या वर्षी ते ठीक नाही.

फिरता ब्रश आजपासून बंद. सक्शन कमी, गुळगुळीत तोंड, लव जिकडे झुकते त्या दिशेनेच, आणि कडेपासून चार बोटं आत थांबायचं. आणि ठाण्याच्या उत्तरात उलटं करून थापटायला सांगितलंय ते तुम्ही करू नका, थर आणखी फुटेल. पाणी, शॅम्पू काही नको. गालिचा मनाजवळचा असेल तर पाठ बदलून मिळते, जुनं कापड आणि लॅटेक्स खरवडून नवीन देतात, गालिच्यांच्या जुन्या दुकानात विचारा. आधी थोडी पूड दाखवून खर्च विचारा आणि मग ठरवा.

प्रश्न (डोंबिवली) : सात वर्षांच्या मुलीला दम्याचा त्रास आहे. तिच्या खोलीत गुलाबी जाड रग आहे, तिचा जीव की प्राण. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम घेऊन रोज मारला तर चालेल ना? डॉक्टर म्हणाले धूळ टाळा, पण रगचं आम्ही विचारलं नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. स्पष्ट लिहिते, तो रग झोपायच्या खोलीतून काढा. आजच.

घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे माइट असतात, आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतात, त्यांना दमट हवा लागते आणि डोंबिवलीत ती बाराही महिने आहे. दम्याचा त्रास त्यांच्या विष्ठेच्या कणांनी वाढतो. व्हॅक्यूम ते वरवरचे कण काही प्रमाणात काढतो, पण जिवंत माइट धाग्याला पायांनी घट्ट धरून बसतात, ते निघत नाहीत, आणि जाड लवीत तर व्हॅक्यूम तळापर्यंत पोचतच नाही हे वर सगळं लिहिलंच आहे. हेपा चांगलाच, तो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण मशीनमध्ये आलेली धूळ खोलीत परत जाऊ नये एवढंच त्याचं काम. तळाशी राहिलेल्या धुळीचं तो काही करू शकत नाही.

मुलगी रडेल, त्याला उपाय असा की गुलाबीच रंगाची पातळ सुती सतरंजी किंवा छोटी धुता येणारी रजई तिला निवडू द्या, जी आठवड्याला गरम पाण्यातून काढता येईल. रग टाकून देऊ नका. एप्रिल-मेच्या कडक उन्हात गच्चीवर तापलेल्या लादीवर उलटा टाका, तीन-चार तास, सुकून माइट मरतात. मग झटकून, व्हॅक्यूम करून हॉलमध्ये वापरा, ती तिथे झोपत नाही. आणि घरात व्हॅक्यूम मारताना ती शाळेत असू दे, नंतरही अर्धा-पाऊण तास खिडक्या उघड्या ठेवून मग खोलीत घ्या. पुढच्या वेळी डॉक्टरांना गादी-उशीच्या कव्हरबद्दलही जरूर विचारा.

प्रश्न (कोल्हापूर) : खायचा सोडा भुरभुरून व्हॅक्यूम मारला की कार्पेट साफ होतं असं व्हिडिओत बघितलं. करू का?

उत्तर : बुटक्या लवीवर वास घालवायला चिमूटभर ठीक आहे. जाड लवीवर नको. सोडा तळाशी जाऊन बसतो, व्हॅक्यूमला निघत नाही, पावसाळ्यात ओल धरून ढेपळं होतात, आणि जो वर येतो तो फिल्टर बुजवतो. वासासाठी कोरडं ऊनच खरं.

प्रश्न (नागपूर) : मी अडुसष्ट वर्षांची, एकटी असते. आठ बाय दहाचं जाड कार्पेट आहे, वर टीपॉय. कार्पेट उलटं करून झटकायचं हे कळतं, पण ते माझ्याने उचलत नाही आणि कामवाल्या बाईंचीही पाठ दुखते. घरात फक्त बिनवायरचा स्टिक व्हॅक्यूम आहे, तो दहा मिनिटांत संपतो.

उत्तर : काकू, अख्खं उलटायची गरजच नाही. टीपॉय ओढत नेऊन एका टोकाला ठेवा, त्याच्या वजनाने ते टोक जागेवर राहील. टीपॉयकडच्या अर्ध्यावर जुनी चादर पसरा, म्हणजे झडलेली रेती तिच्यावर पडेल. दुसरं टोक खाली बसून दोन्ही हातांनी धरा, उचलू नका, चादर दुमडतो तसं ते आपल्याकडून पुढे मध्यापर्यंत दुमडत न्या. आता अर्ध्या कार्पेटची पाठ वर आली. पाठीवरून स्टिक फिरवा, सगळ्यात कमी स्पीडवर, पाठीवर जास्त ओढ लागतच नाही आणि बॅटरीही टिकते. फुल स्पीडवर बऱ्याच स्टिक आठ-दहा मिनिटांत मान टाकतात, तुमचं मशीन बिघडलेलं नाही.

थोडं थापटायचं असेल तर स्टुलावर बसून, लाटण्याने हलक्या हाताने. मग दुमडलेलं परत सरळ करायच्या आधी कड थोडी मागे ओढा, चादरीवर जी रेती पडली असेल ती मऊ झाडूने गोळा करा, जोरात झाडू नका, उडते. हे अर्धं झालं की थांबा. टीपॉय दुसऱ्या टोकाला न्यायचा तो उद्या, बाई आल्या की त्यांच्या मदतीने, आणि उरलेलं अर्धं तेव्हा. किती रेती निघाली ते मला नक्की कळवा.